मधलं खोकं

११ नोव्हेंबर

बारक्या,

पत्ता कुणी दिला म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. कॉलेजातल्या तुझ्या जिवाणूवाल्या बाईंनी दिला, तोही मी तीनदा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा. तीन वर्षं तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही, तेव्हा तुला त्याचा त्रास नाही.

निमित्त साधं आहे. फेब्रुवारीअखेर मी निवृत्त होते. पस्तीस वर्षं माती, वाळू आणि सिमेंट तपासून झाल्यावर लॅबमधलं माझं लोखंडी कपाट रिकामं करायला घेतलं, तर खालच्या कप्प्यात जुन्या चाळण्यांच्या मागे तुझी प्रयोगाची वही सापडली. हिरव्या पुठ्ठ्याची. उघडली नाही. पाठवू की टाकून देऊ, एवढं कळव.

बाकी इथलं ठीक. कालव्याकाठचा तो वाळूचा उतार तुला आठवत असेलच. वर कामगारांच्या घरांची रांग, खाली पाणी, आणि मधली वाळू दर वर्षी वीतभर खाली सरकते. तुझा जिवाणूंचा प्रयोग फसल्यावर आमच्या साहेबांनी तिथे सिमेंट मिसळून घेतलं. आमच्या नमुन्यांमध्ये सिमेंट उत्तम उतरलं होतंच. आता त्याला चिरा गेल्यात. परवा जाऊन पाहिलं, एका चिरेत माझा पंजा आडवा गेला. वरच्या घरातली एक बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मावशी, बघून झालं असेल तर सांगा, सामान बांधायचं का राहायचं?" मी म्हटलं, कळवतील.

तुझा प्रयोग फसला त्याला कुणाचाच इलाज नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. सजीव गोष्टींचा भरवसा नाही. सिमेंट बिचारं सांगितलं तेवढं करतं.

वेळेवर जेवतोस ना? हा प्रश्न तुला आवडत नाही, तरी विचारते.

ताई


२ डिसेंबर

बारक्या,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं, पण टपालवाल्याला दोनदा विचारून झालं. तिसऱ्यांदा तो लांबूनच मान हलवायला लागला, तेव्हा मी विचारणं सोडलं.

घर तसंच आहे. दोन खोल्या, त्यातली तुझी मी झाडते आणि बंद करते. लॅबमध्ये दिवसभर जे बोलेन तेवढंच माझं बोलणं. शनिवारी दुपारी तोंड मिटलं की सोमवारी सकाळी उघडतं. गेल्या रविवारी दुकानदाराने काय हवं विचारलं तर आधी घसा खाकरावा लागला. तो म्हणाला, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, वापर नाही.

परवा सफाईवालीने फरशी पुसायला काहीतरी उग्र आणलं होतं. सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले. मी आतच बसून राहिले. तुझ्या जिवाणूंच्या बालद्यांचा वास अगदी असाच यायचा. त्या महिन्यात आमची लॅब मुतारीसारखी घमघमत होती आणि तू तोंड वर करून म्हणायचास, "ताई, हा वास आला म्हणजे माझी मंडळी कामाला लागली." लोकांना अत्तराने माणूस आठवतो. माझ्या वाट्याला हे आलं.

आता कामाचं. उतारासाठी बैठक झाली. साहेबांचं म्हणणं, चिरा पडल्या म्हणजे सिमेंट कमी पडलं, आणखी जाड थर घालू. नवीन आलेली इंजिनियर मुलगी धीट आहे. ती म्हणाली, थराच्या मागे पाणी तुंबतं आणि तेच त्याला ढकलतं, जाड केला तर आणखी तुंबेल. मग म्हणाली, जिवाणूंची पद्धत का बघत नाही? त्यात वाळू बांधली जाते, पण पाण्याला वाट राहते. तू तीन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी हेच सांगत होतास. साहेब हसले. "ते खूळ आपल्याच लॅबमध्ये फसलंय. विचारा आमच्या सिमेंटबाईंना. त्यांचा आकडा आजवर चुकलेला नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नोंदवहीत आहे तेच." आणि समोरचा थंड चहा पिऊन टाकला.

खरं सांगू, तू तेव्हा नुसतं "हात लावू नकोस" म्हणून गेलास. का लावायचा नाही ते सांगितलं नाहीस. पस्तीस वर्षं ज्या बाईने संध्याकाळी साडेपाचला सिमेंटच्या नमुन्यांवर पाणी घातल्याशिवाय घरी पाऊल टाकलं नाही, तिला कारण सांगावं लागतं. नुसता हुकूम पुरत नाही.

हे आत्ताच का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, शाई फुकट जाते.

ताई


१४ डिसेंबर

बारक्या,

वही वाचली. उघडणार नाही म्हटलं होतं, पण तू काही कळवलं नाहीस आणि ती तीन आठवडे माझ्या जेवणाच्या टेबलावर पडून होती. समोर दुसरं माणूस नसलं की जेवताना नजर कुठेतरी जातेच.

आधी सरळ सांगते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. पाणी मीच घातलं होतं.

तू तिन्ही खोक्यांत जिवाणूंचं पाणी भरलंस, खालच्या तोट्या बंद केल्यास आणि बाईंकडे युरिया आणायला गेलास. दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होतास. मी संध्याकाळी माझ्या सिमेंटच्या खोक्यांना पाणी घातलं. शेजारी तुझी तीन होती, प्रत्येक बुटाच्या खोक्याएवढं. वरची वाळू कोरडी दिसत होती. तू दमून गेला होतास, विसरला असशील असं वाटलं. नाही, तेही खरं नाही. काहीच वाटलं नाही. हात पुढे गेला आणि घातलं. पाणी वर साचून राहिलं. सिमेंटच्या खोक्यात साचलं तर आपण तोटी सोडतो, म्हणून मी तुझ्याही तोट्या सोडल्या. खालच्या भांड्यात गढूळ पाणी आलं, ते मोरीत ओतलं, तोट्या बंद केल्या, हात धुतले आणि घरी गेले. तुझं तीन महिन्यांचं काम मी मोरीत ओतलं आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

तुझ्या वहीत आता वाचलं. जिवाणूंना वाळूच्या कणांना चिकटून बसायला एक दिवस लागतो. त्या दिवसात पाण्याचा एक थेंब नको, नाहीतर ते वाहून जातात. एकदा चिकटले की मग त्यांना युरिया आणि कॅल्शियमचं पाणी रोज द्यायचं, मग ते चुना तयार करतात आणि दोन कणांमध्ये तो चुना सांध्यासारखा बसतो. तू बिचारा दहा दिवस रिकाम्या वाळूला जेवायला घालत होतास.

अकराव्या दिवशी साहेब, तुझ्या बाई आणि त्या मोठ्या संस्थेतले दोघे आले. तू मधलं खोकं उघडलंस. लाडकं तुझं, त्याची वाळू तू तीनदा चाळून भरली होतीस. फळी काढली आणि सगळी वाळू साखरेसारखी टेबलावर पसरली. कुणीतरी हसलं. तू हसणाऱ्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, "ताई, तू पाणी घातलं होतंस का?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हाच मला कळलं होतं की घातलं ते चुकलं. तुझा चेहरा बघूनच कळलं. तरी नाही म्हटलं. साहेबांसमोर माझी मान खाली जाईल, हे एक कारण. दुसरं लिहायला मला चार दिवस लागले. प्रयोग जमला असता तर तू त्या संस्थेत जाणार होतास. आई गेली तेव्हा तू दुसरीत होतास आणि मी एकोणतीस वर्षांची. त्या दिवसापासून या घरात दोन ताटं मांडली जात होती. ती वाळू टेबलावर सांडली तेव्हा मला वाईट वाटलंच, पण आतून कुठेतरी बरंही वाटलं. म्हटलं, आता कुठे जात नाही हा.

तू तर त्याहून लांब गेलास. औषधाच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासतोस म्हणे. हेही बाईंनीच सांगितलं.

एवढं सगळं मी कदाचित लपवूनच ठेवलं असतं. पण तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तू चूक शोधायला बसला आहेस. सात कारणं लिहून एकेक खोडलं आहेस. युरिया जुना नव्हता, खोडलं. थंडी नव्हती, खोडलं. सातवं असं आहे: "पहिल्याच दिवशी पाणी गेलं असावं. सगळ्या खुणा तशाच आहेत." त्याच्यापुढे तू लिहिलंस: "ताई नाही म्हणाली. म्हणजे नाही." आणि ते सातवं कारणही खोडलंस. त्याखाली एकच ओळ आहे. "पद्धतच चुकीची आहे, मला हे येत नाही."

स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं ते तू माझ्या एका शब्दावर खोडलंस. घरी येऊन पुन्हा एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी तीन वर्षं स्वतःला समजावत आले. तू पुन्हा का विचारलं नाहीस ते आता कळलं. तुला विचारायची गरजच वाटली नव्हती.

ताई


२४ जानेवारी

बारक्या,

तू वाचतोस की फाडतोस ठाऊक नाही. तरी लिहिते, कारण आकडे तुझे आहेत.

त्या पत्रानंतर मी बाईंकडे जिवाणू मागायला गेले. म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हवेत? तुम्ही तर त्यांच्या नावाने बोटं मोडायचात." मी म्हटलं, एक चूक तपासायची आहे. "कुणाची?" माझी, म्हटलं. त्या उठल्या. मग फ्रीज उघडला आणि म्हणाल्या, "मग दोन बाटल्या न्या. पहिली तुमच्या हातून वाया जाईल."

गेली वाया! तुझ्या पिलावळीला ऊब लागते हे मी वहीत वाचलं होतं, पण किती ते वाचायचं राहिलं. दुसरी बाटली तुझ्या वहीतली एकेक ओळ बोटाखाली धरून वाढवली. उताराची वाळू आणली, तीनदा चाळली आणि तीन खोकी भरली. एकात सिमेंट. एकात जिवाणू, पहिला दिवस हात न लावता. आणि एकात जिवाणू, पण पहिल्या संध्याकाळी पाणी, तोटी, मोरी, सगळं तेव्हासारखं.

बारक्या, हात न लावणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. साडेपाच वाजले, वरची वाळू कोरडी दिसायला लागली आणि माझे हात शिवशिवायला लागले. शेवटी पर्स उचलली आणि कालव्यापर्यंत चालत गेले. लॅबमध्ये थांबले असते तर घातलंच असतं.

अठ्ठावीस दिवसांनी उघडलं. सिमेंटचा ठोकळा एकवीस किलोच्या दाबाला फुटला. तुझा नऊला. लगेच तोंड पाडू नकोस, पुढे वाच. फोडायच्या आधी दोन्हींवर वरून पाणी धरलं होतं. सिमेंटवरचं संध्याकाळपर्यंत तसंच उभं होतं. तुझ्यातून ते खाली झिरपलं, साध्या वाळूच्या निम्म्या वेगाने, पण झिरपलं, आणि वाळूचा एक कण हलला नाही. उताराला एकवीस किलोची गरजच नाही, त्याच्यावर कुणी मजले चढवणार नाही. त्याला जागेवर राहायचंय आणि पाण्याला जाऊ द्यायचंय. सिमेंट हरलं असं मी म्हणणार नाही, पस्तीस वर्षांचा घरोबा आहे. पायात घालायचं ते आम्ही डोक्यावर बांधलं, एवढंच.

तुझ्या पद्धतीचा दोषही लिहून ठेवला आहे. तोटीतून येणारं पाणी तसंच कालव्यात सोडलं तर मासे मरतील, ते गोळा करावं लागेल. वासाबद्दल तक्रारी आल्या. मी सांगितलं, मंडळी कामाला लागली आहेत.

आणि तिसरं खोकं. फळी काढली आणि वाळू टेबलावर पसरली. या वेळी हसायला कुणी नव्हतं. माझ्या एकटीच्या टेबलावर ती सांडली आणि मी खुर्चीत बसून खूप रडले. मग झाडून घेतली.

ताई


१० फेब्रुवारी

बारक्या,

काल साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"बाई, अहो दोन आठवड्यांनी तुमचा निरोपाचा कार्यक्रम आहे. भाषण तयार आहे माझं. कशाला उकरून काढता?"

"उतार खचतोय म्हणून."

"ते ठीक आहे. नवीन चाचणी केली, वेगळं उत्तर आलं, एवढं लिहू. जुन्या नोंदीला हात कशाला लावायचा?"

"जुनी नोंद खोटी आहे."

"खोटी म्हणू नका हो. अनवधानाने झालं."

"पाणी अनवधानाने घातलं, साहेब. नाही म्हटलं ते शुद्धीत म्हटलं."

ते चष्मा पुसत बसले. माणूस वाईट नाही, त्यांना भाषण वाया जाण्याचं खरंच वाईट वाटत होतं. मी त्यांच्यासमोरच नोंदवही उघडली आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या पानावर खाली लिहिलं: "पहिल्या दिवशी मी तिन्ही खोक्यांवर पाणी घातले व तोट्या सोडल्या. विचारल्यावर नाकारले. प्रयोगकर्त्याची पद्धत निर्दोष होती." खाली सही केली. सही नीट वाचता येते.

आज सकाळपासून लॅबमध्ये माझ्याशी कुणी धड बोललेलं नाही. माझ्या मागच्या पाच वर्षांच्या सगळ्या नोंदी बाहेरचा माणूस येऊन पुन्हा तपासणार आहे. ते बरोबरच आहे. एक आकडा खोटा निघाला की बाकीच्यांवर कुणी का विश्वास ठेवावा? निरोपाचा कार्यक्रम मीच नको म्हणाले. सिमेंटबाई म्हणून हाक मारणारे आता "अहो" म्हणतात. त्या नावाचा मला राग यायचा, हे आठवून आज हसू आलं.

उतारावर दहा पावलं रुंदीच्या पट्ट्यात तुझ्या पद्धतीने करून बघायचं ठरलंय. हे जाणणारा माणूस हवा म्हणून साहेबांनी तुझा पत्ता मागितला. दिला नाही. म्हटलं, त्याला विचारल्याशिवाय देणार नाही, आणि विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. ती इंजिनियर मुलगी तुझी वही वाचते आहे. तिला पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून दिलं की एक दिवस पाणी का घालायचं नाही. कारणासकट.

नोंदीच्या पानाची नक्कल सोबत आहे. तुझ्या ठोकळ्याचा एक तुकडाही पाठवते, पेढ्याएवढा. पाण्यात टाकून बघ. विरघळणार नाही.

ताई


२७ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड आलं. टपालवाला दारापर्यंत आला, एरवी फाटकातूनच टाकून जातो.

कार्ड मी आधी उलटसुलट करून बघितलं, आणखी कुठे काही लिहिलंय का म्हणून. "ताई" असा मायना आहे आणि खाली तीन प्रश्न आहेत. माफ केलं असं नाही, नाही केलं असंही नाही. कसा आहेस ते नाही. चिडलास का तेही नाही. "किती पाणी घातलं होतंस? प्रत्येक खोक्यावर तेवढंच का? नोंदीत आकडा का नाही?"

अगदी माझ्या हाताखाली वाढलेला आहेस. आकड्याशिवाय नोंद म्हणजे नुसत्या गप्पा, हे मीच तुला शिकवलं होतं. आणि तो आकडा मी मुद्दाम गाळला, हे तू बरोबर पकडलंस. पत्रात गाळला, नोंदीतही गाळला. आज लॅबमधला माझा शेवटचा दिवस आहे. कपाट रिकामं आहे, किल्ली दिली आहे आणि हे मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून लिहिते आहे.

पत्र्याच्या लिटरच्या मापाने घातलं. वेळ साडेपाच. डावीकडून सुरुवात केली. तोट्या साधारण दहा मिनिटं उघड्या होत्या.

डावं खोकं, दोन मापं.

उजवं खोकं, दोन मापं.

मधल्यावर तीन घातली. ते तुझं लाडकं होतं, म्हणून.

ताई